एका गावात मावलेले जग

लंडनच्या नैऋत्येला सुमारे पन्नास मैलांवर, हॅम्पशायर परगण्यात सेलबर्न नावाचे एक खेडे आहे. वळणे घेत जाणारा एकच लांब रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरे, मध्यावर एक लहानसे मोकळे मैदान, मैदानालगत बाराव्या शतकातले चर्च आणि गावाच्या पाठीशी बीच वृक्षांनी गच्च भरलेली खडूच्या दगडाची उभी टेकडी, एवढाच या गावाचा पसारा. येथे इतिहासाला कलाटणी देणारी लढाई झाली नाही, कुठला राजा जन्मला नाही की एखादे मोठे तीर्थक्षेत्र उभे राहिले नाही. तरीही गेली दोनशेहून अधिक वर्षे दूरदूरचे लोक या गावाची वाट धरत आले आहेत. याचे कारण अठराव्या शतकात येथे राहून गेलेला एक साधा धर्मगुरू. गिल्बर्ट व्हाईट हे त्यांचे नाव. आयुष्यात त्यांनी एकच पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते होते आपल्या गावाविषयी. इंग्रजी निसर्गलेखनाची परंपरा त्या पुस्तकापासून सुरू झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

व्हाईट यांचा जन्म १८ जुलै १७२० रोजी सेलबर्नच्या धर्मगुरूंच्या निवासस्थानात झाला. त्या वेळी त्यांचे आजोबा गावाचे मुख्य धर्मगुरू होते आणि त्यांचेही नाव गिल्बर्ट व्हाईट असेच होते. वडील जॉन व्हाईट हे वकील, पण त्यांनी वकिली सोडून दिली होती. गिल्बर्ट हा थोरला मुलगा. त्याच्या पाठीवर भावंडांची मोठी रांग होती. १७२८ मध्ये आजोबा वारले आणि त्यानंतर लवकरच हे कुटुंब चर्चसमोरच्या रस्त्यापलीकडील एका घरात राहावयास आले. पूर्वी तेथे वेक नावाचे कुटुंब राहत असे, म्हणून गावकरी त्या घराला द वेक्स म्हणत. घराच्या मागच्या दाराबाहेर बाग, बागेपलीकडे कुरण आणि कुरणापलीकडे टेकडी. या टेकडीला गावात हँगर असे नाव होते. पुढे त्र्याहत्तराव्या वर्षी गिल्बर्ट यांनी डोळे मिटले ते याच घरात.

प्रारंभीचे शिक्षण बेसिंगस्टोक येथे घेऊन ते ऑक्सफर्डच्या ओरिएल महाविद्यालयात दाखल झाले. १७४३ मध्ये पदवी मिळाली. त्या प्रसंगी ख्यातनाम कवी अलेक्झांडर पोप यांच्याकडून त्यांना पोप यांनीच अनुवादिलेल्या ‘इलियड’चे खंड भेट मिळाल्याचे सांगतात. त्याच खंडांच्या पानांवर शाई-लेखणीने काढलेली दोन छोटी रेखाचित्रे आज व्हाईट यांचा चेहरा म्हणून ओळखली जातात. त्यांचे रीतसर तैलचित्र कोणी काढल्याचे दिसत नाही. १७४४ मध्ये ते महाविद्यालयाचे फेलो झाले आणि १७४९ मध्ये धर्मगुरुपदाची पूर्ण दीक्षा त्यांना मिळाली. १७५२ मध्ये विद्यापीठाच्या प्रॉक्टरपदाचा मानही त्यांच्याकडे आला. ऑक्सफर्डमधल्या एखाद्या हुशार तरुणाची वाटचाल जशी व्हावी, तशीच ती चालली होती.

हुकलेली पदे

१७५७ मध्ये ओरिएल महाविद्यालयाचे प्रमुखपद रिकामे झाले. व्हाईट यांनी त्यासाठी प्रयत्न केला. परंतु निवड दुसऱ्याची झाली. त्याऐवजी महाविद्यालयाच्या अखत्यारीतील नॉर्थम्प्टनशायरमधील मॉर्टन पिंकनी या गावाचे धर्मगुरुपद त्यांच्या वाट्याला आले. ते त्यांनी स्वीकारले, पण तेथे ते राहावयास गेले नाहीत. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तेथील काम पगारी सहायकावर सोपवून त्यांनी उत्पन्न तेवढे घेतले. आपल्या पुस्तकात रानातल्या प्रत्येक जीवाची विचारपूस करणाऱ्या या सज्जनाच्या चरित्रातील ही बाजू त्यांच्या चाहत्यांना थोडी अवघडवणारी आहे.

त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, ज्या गावाचे नाव त्यांनी अजरामर केले, त्या गावाचे मुख्य धर्मगुरू ते कधीच होऊ शकले नाहीत. त्याचे मूळ पाचशे वर्षे मागे जाते. १२३३ मध्ये विंचेस्टरचे बिशप पीटर दे रोश यांनी सेलबर्नपासून थोड्या अंतरावर ऑगस्टिनियन पंथाचा एक मठ स्थापन केला होता. कालांतराने त्याची शिस्त ढासळली, कर्ज वाढले आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो बंद करण्यात आला. त्याची मालमत्ता ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयाकडे गेली आणि तिच्याबरोबर सेलबर्नचा धर्मगुरू नेमण्याचा हक्कही. मॉडलिनने तो हक्क आपल्याच माणसांसाठी राखून ठेवला होता आणि व्हाईट होते ओरिएलचे. त्यामुळे सेलबर्नमध्ये त्यांना कायम क्युरेट, म्हणजे सहायक धर्मगुरू म्हणूनच काम करावे लागले. असे काम त्यांनी वेगवेगळ्या काळात चार वेळा केले. मधली अनेक वर्षे ते शेजारच्या फॅरिंग्डन गावात सहायक होते. दरम्यान वडील आणि नंतर काका निवर्तल्यावर १७६३ मध्ये द वेक्स हे घर त्यांच्या मालकीचे झाले.

इतरत्र मोठे पद मिळवणे त्यांना अशक्य होते असे नाही. पण सेलबर्न सोडण्याचे त्यांच्या जिवावर येई. घोडागाडीत बसले की त्यांना हमखास मळमळे, म्हणून प्रवास ते शक्यतो घोड्यावरूनच करीत. त्यांनी लग्न केले नाही. भावंडांची मुलेबाळे मात्र मोजून त्यांची नोंद ठेवली. आयुष्याच्या अखेरीस पुतण्या-भाच्यांची संख्या साठाच्या वर गेली होती. त्यांच्या वहीत एखाद्या भाचीच्या जन्माची नोंद आणि त्या दिवशी फुललेल्या फुलाची नोंद शेजारीशेजारी सापडते.

बाग, टेकडी आणि वही

निसर्गनिरीक्षणाची सुरुवात झाली ती बागेतून. १७५१ मध्ये त्यांनी बागकामाची नोंदवही लिहावयास घेतली. कोणत्या दिवशी कोणते बी पेरले, खताचा ढीग किती उंच रचला, खरबुजे केव्हा धरली याचे तपशील तीत आहेत. खरबुजे हा त्यांचा खास शौक. इंग्लंडच्या थंडीत ती पिकवायची म्हणजे शेणखताच्या उबेवर वाफे तयार करावे लागत आणि त्यासाठी गाड्यांमागून गाड्या शेणखत लागे. बाग आणि कुरण यांच्या मध्ये कुंपण दिसू नये म्हणून त्यांनी खोलगट चर खणून भिंत त्यात दडवली. बागेच्या टोकाला हर्क्युलिसचा पुतळा हवा होता; पण दगडी मूर्तीचा खर्च परवडण्याजोगा नव्हता. मग लाकडी फळीवर चित्र रंगवून ती फळीच दूर उभी करण्यात आली. घरासमोर रस्त्यापलीकडे खाटकाचे दुकान होते. तेथील रक्त आणि घाण नजरेआड व्हावी म्हणून १७५६ मध्ये त्यांनी मध्ये लाइमची चार झाडे लावली.

१७५३ मध्ये धाकटा भाऊ जॉन याच्या मदतीने त्यांनी हँगर टेकडीच्या उभ्या अंगावर नागमोडी पायवाट खोदून घेतली. झिगझॅग या नावाने ती आजही वापरात आहे. टेकडी गावापेक्षा सुमारे तीनशे फूट उंच. माथ्यावर गेले की गाव, शेते, हॉप वेलींचे मळे आणि दूरवरची वूल्मरची रानभूमी नजरेत येते. वर गवताने शाकारलेली एक झोपडीही होती. पाहुणे आले की धाकटा भाऊ हेन्री जोग्याचा वेश करून तेथे बसे आणि मंडळींची करमणूक होई.

बागेतली नोंद हळूहळू कुंपणाबाहेर गेली. १७६६ मध्ये त्यांनी गावाच्या परिसरातील वनस्पतींची वर्षभराची नोंद केली. त्यानंतर त्यांचा दोन व्यक्तींशी परिचय झाला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. पहिले थॉमस पेनंट. वेल्समधील हे गृहस्थ ब्रिटनच्या प्राणिसृष्टीवर मोठा ग्रंथ लिहीत होते आणि त्यांना ठिकठिकाणच्या माहितगारांची गरज होती. दुसरे डेन्स बॅरिंग्टन. पेशाने न्यायाधीश, पण पक्ष्यांच्या गाण्यापासून हवामानापर्यंत सर्वत्र रस. बॅरिंग्टन यांनी दैनंदिन नोंदींसाठी छापील रकान्यांची वही तयार केली होती. तापमान, हवेचा दाब, वारा, पाऊस, पाने फुटणे, फुले उमलणे, पक्षी येणे-जाणे अशा स्वतंत्र रकान्यांची ही वही व्हाईट १७६८ पासून भरू लागले. १७९३ च्या जूनमध्ये मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत त्यांनी ती भरली. पाव शतकाहून अधिक काळाची ही नोंद आता ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेली आहे.

कानांनी ओळखलेले पक्षी

त्या काळी प्राणिशास्त्र म्हणजे बहुतांशी मेलेल्या प्राण्यांचे शास्त्र होते. दूरदेशीहून कातडी, पिसे, सांगाडे येत आणि विद्वान लोक त्यांचे वर्णन करून नावे देत. व्हाईट हेही पक्षी मारून तपासत असत. तो त्या काळचा सर्रास प्रघात होता. पण त्यांचा मुख्य भर होता जिवंत प्राणी काय करतो ते त्याच्याच जागी जाऊन पाहण्यावर. त्यांच्या भोवतालच्या झाडीत हिरवट-पिवळसर रंगाचा एक लहानसा पक्षी सर्वत्र दिसे. सगळे त्याला एकाच नावाने ओळखत. व्हाईट यांनी कान लावून ऐकले, तेव्हा त्यात तीन निरनिराळी गाणी असल्याचे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी आकार, रंग आणि पिसांतील बारीक भेद तपासले आणि १७६८ मध्ये पेनंट यांना कळवले की, हे पक्षी एका जातीचे नसून तीन जातींचे आहेत. विलो वॉर्ब्लर, चिफचॅफ आणि वूड वॉर्ब्लर या नावांनी ते आज ओळखले जातात. डोळ्यांना फसवणारा फरक कानाने पकडला जाऊ शकतो, ही दृष्टी आजच्या पक्षिनिरीक्षकाला सवयीची झाली आहे. तेव्हा ती नवी होती.

शेतातल्या धान्याच्या ताटांवर गवताचे चेंडूसारखे घरटे विणणारा हार्वेस्ट माऊस हा चिमुकला उंदीर ब्रिटनमध्ये आहे, हे पेनंट यांना कळले ते व्हाईट यांच्या पत्रातून. नॉक्ट्यूल नावाच्या मोठ्या वटवाघळाची ब्रिटनमधील पहिली नोंदही त्यांचीच. चर्चच्या वळचणीला राहणारी गव्हाणी घुबडांची जोडी पिलांसाठी किती वेळाने उंदीर आणते, हे त्यांनी घड्याळ हातात धरून मोजले. उत्तर आले सुमारे दर पाच मिनिटांनी एक. एका शेजाऱ्याने वाद्य जुळवण्याची शिट्टी घेऊन घुबडांचा घूत्कार कोणत्या स्वरात असतो ते तपासले, त्याचीही नोंद त्यांनी केली. रातकिडा बिळातून बाहेर कसा काढावा, तर कुदळीने त्याचा चेंदामेंदा होतो, म्हणून बिळात गवताची लवचीक काडी हळूच सारावी, म्हणजे तो आपणहून वर येतो, असे त्यांनी अनुभवाने लिहून ठेवले.

१७७७ मध्ये बॅरिंग्टन यांना लिहिलेल्या एका पत्राचा विषय होता गांडुळे. शेतकरी त्यांना उपद्रवी समजत. व्हाईट यांचे म्हणणे वेगळे होते. गांडुळे जमीन भुसभुशीत करतात, पाणी मुरू देतात, पाने-काड्या खाली ओढून नेतात आणि त्यांच्या विष्ठेने जमिनीला खत मिळते. ती नाहीशी झाली तर माती थंड, घट्ट आणि नापीक होईल, असे त्यांनी मांडले. निसर्गाच्या व्यवहारात क्षुल्लक वाटणाऱ्या जीवांचे स्थान किती मोठे असू शकते, हा विचार त्यामागे होता. एकशे चार वर्षांनी, १८८१ मध्ये, चार्ल्स डार्विन यांनी गांडुळांवर संपूर्ण पुस्तक लिहून ही गोष्ट मोजमापांसह सिद्ध केली. डार्विन यांनी शालेय वयातच व्हाईट यांचे पुस्तक वाचले होते आणि त्यातून त्यांना पक्षी पाहण्याची गोडी लागली होती. १८५७ मध्ये ते मुद्दाम सेलबर्नला जाऊनही आले.

न सुटलेले कोडे

आयुष्यभर एक प्रश्न मात्र व्हाईट यांचा पिच्छा सोडीना. भिंगऱ्या आणि पाकोळ्या हिवाळ्यात जातात कुठे? त्या दूरच्या उष्ण देशांत जातात असे काहींचे मत होते, तर त्या तळ्यांच्या तळाशी किंवा बिळांत निपचित पडून राहतात असा जुना समज होता. बॅरिंग्टन दुसऱ्या मताचे. व्हाईट यांचे बंधू जॉन हे जिब्राल्टर येथे लष्कराचे धर्मगुरू होते. भूमध्य समुद्राच्या त्या चिंचोळ्या तोंडावरून पक्ष्यांचे थवे ऋतुमानानुसार आफ्रिकेकडे ये-जा करताना त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते आणि तसे भावाला कळवलेही होते. पुरावा घरातूनच आला होता, तरी गिल्बर्ट यांचे पुरते समाधान झाले नाही. कारण शरद ऋतू सरल्यावरही एखाद्या उबदार दिवशी हँगरच्या कडेला काही मार्टिन पक्षी अचानक दिसत. ते एवढ्यात आफ्रिकेतून परत आले असणे शक्य नव्हते. मग जवळपासच कुठे दडले असतील काय? त्यांनी मजूर लावून टेकडीवरची झुडपे आणि बिळे धुंडाळली. एकही पक्षी सापडला नाही.

या प्रश्नावर त्यांचा कल चुकीच्या बाजूला झुकत राहिला. परंतु हाताला काही लागले नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदले आणि आपल्या शंकेला सिद्धान्ताचे रूप दिले नाही. भिंगऱ्या, मार्टिन आणि पाकोळ्या यांच्यावरील त्यांचे निबंध १७७४-७५ मध्ये रॉयल सोसायटीत वाचले गेले. पाकोळ्यांचे मीलन उडता उडता होते, हेही त्यांनी त्यात लिहिले.

हवामानाच्या बाबतीत त्यांच्या शंकेखोर स्वभावाचा फायदा झाला. १७८४ च्या डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. सेलबर्नमध्ये पारा शून्य अंश फॅरनहाइटच्याही खाली, म्हणजे उणे अठरा अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला. दोनशे फूट उंचीवरील शेजारच्या न्यूटन गावात मात्र तापमान त्याहून पुष्कळच जास्त होते. उंचावर थंडी अधिक, ही सर्वांची समजूत. व्हाईट यांना आधी उपकरणांचाच संशय आला, म्हणून त्यांनी तापमापकांची तुलना करून पाहिली. फरक तसाच राहिला. थंड हवा जड होऊन दरीत साचते, ही आता सर्वज्ञात असलेली गोष्ट त्यांच्या नोंदींत स्पष्ट दिसते.

त्याआधीच्या, १७८३ च्या उन्हाळ्यात, चार आठवडे चमत्कारिक धुके पसरले होते. भर दुपारी सूर्य निस्तेज चंद्रासारखा दिसे आणि जमिनीवर गंजासारखा तांबूस उजेड पडे. उष्मा इतका की, कापलेले मांस दुसऱ्या दिवशी खाण्याजोगे राहत नसे. गावातले लोक धास्तावले. जूनच्या प्रारंभी आइसलँडमध्ये लाकी ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता, हे व्हाईट यांना ठाऊक नव्हते. पण त्या सुमारास इटलीत झालेले भूकंप आणि नॉर्वेलगतच्या समुद्रात उफाळलेला ज्वालामुखी यांचा उल्लेख त्यांनी त्याच संदर्भात केला.

कासव, दिवे आणि माणसे

व्हाईट यांच्या पुस्तकातील सर्वांत लाडके पात्र म्हणजे टिमथी नावाचे कासव. ससेक्समधील रिंगमर येथे राहणाऱ्या त्यांच्या आत्याने ते अनेक वर्षे पाळले होते. १७८० मध्ये आत्या वारल्यावर व्हाईट यांनी हिवाळी झोपेत असलेल्या टिमथीला मातीतून उकरून ऐंशी मैल गाडीतून सेलबर्नला आणले. ते केव्हा जमिनीत शिरते, केव्हा बाहेर येते, त्याचे वजन किती वाढते-घटते, कोणती पाने खाते, यांची नोंद सुरू झाली. कर्णा लावून त्याच्याजवळ ओरडूनही पाहिले. टिमथीने दाद दिली नाही. हे कासव मालकानंतर वर्षभराने मेले. त्याची पाठ लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. पुढे तिची तपासणी झाली, तेव्हा टिमथी ही मादी असल्याचे निष्पन्न झाले.

गावातली माणसेही या नोंदींतून सुटली नाहीत. १७८३ च्या मोजणीनुसार मुख्य रस्त्यावर ३१३ आणि उरलेल्या परिसरात ३६३, असे एकूण ६७६ लोक तेथे राहत होते. गरीब घरांत लव्हाळ्याचे दिवे वापरीत. लव्हाळे उन्हाळ्यात कापायचे, सोलून आतला गर वाळवायचा आणि स्वयंपाकात उरलेल्या चरबीत बुडवून काढायचा. सव्वादोन फुटांहून थोडे लांब असे एक लव्हाळे जवळजवळ तासभर जळते, एका पौंडात सोळाशे काड्या बसतात आणि अवघ्या एका फार्दिंगमध्ये साडेपाच तास उजेड मिळतो, असा हिशेब व्हाईट यांनी मांडला. अगदी गरीब माणसेच बचतीचे हे साधन सोडून मेणबत्त्यांवर पैसा घालवतात, याची त्यांना हळहळ वाटे. मधमाश्यांच्या मागे वेडा झालेला गावातला एक मतिमंद मुलगाही त्यांच्या पत्रात आहे. तो उघड्या हातांनी माश्या पकडी आणि मधासाठी त्यांची पोटे चोखी. हिवाळ्यात मात्र चुलीपाशी गुंगीत बसून राही.

सेलबर्नचे गरीब कष्टाळू आणि बऱ्यापैकी सुखी आहेत, असे चित्र व्हाईट यांनी रेखाटले. त्यांच्या मृत्यूनंतर ३७ वर्षांनी, १८३० च्या नोव्हेंबरात, दक्षिण इंग्लंडमधील शेतमजुरांच्या उठावाचे लोण याच गावात पोचले. जमावाने गरीबगृहावर हल्ला केला आणि तत्कालीन धर्मगुरूला दशमांश कर कमी करण्यास भाग पाडले. पाखरांची संख्या अचूक टिपणाऱ्या त्या लेखणीने माणसांच्या हलाखीचा अंदाज कमी बांधला होता काय, असा प्रश्न त्यामुळे पडतो.

पुस्तक आणि त्यानंतर

ही सर्व पत्रे पुस्तकरूपाने काढावीत, अशी सूचना बॅरिंग्टन यांनी १७७० च्या सुमारासच केली होती. व्हाईट यांना त्यासाठी जवळजवळ अठरा वर्षे लागली. धर्मकार्य, प्रकृती, संकोच आणि आणखी एक वर्ष नोंदी घेऊन पाहण्याची ओढ, यांत काळ गेला. १७७६ मध्ये सॅम्युएल ग्रिम या स्विस चित्रकाराला बोलावून त्यांनी चित्रे काढून घेतली. अखेर लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील प्रकाशक आणि त्यांचे सख्खे बंधू बेंजामिन व्हाईट यांनी १७८८ च्या शेवटी पुस्तक बाहेर काढले. मुखपृष्ठावर १७८९ हे वर्ष होते. पेनंट यांना ४४ आणि बॅरिंग्टन यांना ६६ अशी एकूण ११० पत्रे त्यात आहेत. त्यांपैकी काही कधीच टपालात पडली नाहीत, ती पुस्तकासाठीच लिहिली गेली. उत्तरार्धात गावाचा पुरातन इतिहास आहे. मठाची कागदपत्रे, चर्चची मोजमापे आणि प्लेस्टर या मैदानाची हकिकतही तेथे वाचावयास मिळते. या मैदानावरील विशाल ओक १७०३ च्या वादळात कोसळला होता. त्याला पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न गावाने केला, पण तो जगला नाही. चर्चच्या आवारातील प्राचीन यू वृक्षाचा घेर व्हाईट यांनी २३ फूट मोजला होता. २५ जानेवारी १९९० च्या वादळात तोही उन्मळून पडला. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच्या ओकप्रमाणे त्यालाही गावकऱ्यांनी उभे करून पाहिले आणि त्यालाही जीव धरला नाही. आता तेथे त्याचे खोड आहे आणि त्याच्याच फांदीपासून वाढवलेले एक रोप.

व्हाईट यांचे निधन २६ जून १७९३ रोजी झाले. आपली अंत्ययात्रा साधी असावी आणि शवपेटी गावातल्या सहा रोजंदारी मजुरांनी, शक्यतो मोठी कुटुंबे पोसणाऱ्यांनी, उचलावी, असे त्यांनी मृत्युपत्रात नमूद केले होते. चर्चच्या उत्तरेला त्यांची कबर आहे. लहानशा दगडावर नावाची आद्याक्षरे आणि तारीख, याखेरीज काहीही कोरलेले नाही.

पुढे द वेक्स हे घर प्राणिशास्त्रज्ञ थॉमस बेल यांनी विकत घेतले आणि व्हाईट यांच्या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती १८७७ मध्ये सिद्ध केली. १८५८ मध्ये डार्विन आणि वॉलेस यांचे उत्क्रांतीविषयक निबंध लिनियन सोसायटीत वाचले गेले, तेव्हा अध्यक्षस्थानी हेच बेल होते. आणि त्या वर्षात विशेष क्रांतिकारक असे काही घडले नाही, असा निर्वाळा त्यांनीच नंतर दिला होता! १८८५ मध्ये व्हाईट यांच्या स्मरणार्थ सेलबर्न सोसायटी स्थापन झाली. १९२० मध्ये, जन्माला दोनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, चर्चमध्ये पाखरांनी वेढलेल्या संत फ्रान्सिसची रंगीत काचेची खिडकी बसवण्यात आली. तिच्यातील पाखरे व्हाईट यांच्या पुस्तकातली आहेत. १९३२ पासून हँगर टेकडी नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. अंटार्क्टिकावर १९१२ मध्ये प्राण गमावणाऱ्या कॅप्टन लॉरेन्स ओट्स यांच्या घराण्यातील रॉबर्ट वॉशिंग्टन ओट्स यांच्या देणगीमुळे १९५५ मध्ये घराचे रूपांतर संग्रहालयात झाले. पुस्तकाच्या आवृत्त्या मात्र प्रथम प्रकाशनापासून कधी थांबल्या नाहीत.

१७७८ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात व्हाईट यांनी म्हटले होते की, गावात दरवर्षी पाकोळ्यांच्या साधारण आठच जोड्या येतात. निम्म्या चर्चमध्ये, उरलेल्या गवताने शाकारलेल्या घरांत. प्रत्येक जोडी पिले वाढवते, तरी पुढच्या वर्षी पुन्हा आठच जोड्या. मग वाढलेली पाखरे जातात कुठे, असा प्रश्न त्यांना पडला होता. प्राण्यांची संख्या कशामुळे मर्यादेत राहते, हा जीवशास्त्राचा मोठा विषय त्या साध्या मोजणीत दडलेला होता. २०२१ मध्ये ब्रिटनमधील पक्षितज्ज्ञांनी घटत्या संख्येमुळे पाकोळी आणि हाऊस मार्टिन या दोन्ही पक्ष्यांचा समावेश धोक्याच्या लाल यादीत केला. आज एखाद्या गावातली पाखरे कमी झाली असे म्हणावयाचे, तर आधी ती किती होती हे कोणीतरी मोजून ठेवलेले असावे लागते. सेलबर्नपुरते ते काम, कोणी सांगितले नसताना, एका सहायक धर्मगुरूने अडीचशे वर्षांपूर्वी करून ठेवले आहे.